जोगेश्वरीचा तबेला, सप्टेंबर 2022: फोड कुणाला आणि भीती कुणाला

अनंत चतुर्दशी होऊन तीन-चार दिवस झाले असतील. सकाळी सात वाजता फोनवर एक फोटो आला. कुणाचा तरी उजवा अंगठा. वरच्या पेरावर वाटाण्याएवढा फोड, मधोमध खळगा, कडा उचललेली, भोवती लालभडक. पाठवणारा माझा जुना मित्र, जोगेश्वरी पूर्वेला दवाखाना चालवतो. खाली एकच ओळ: "तुझ्या गाईंचं लंपी माझ्या पेशंटला आलं का रे?"

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, आता गोरेगाव-जोगेश्वरी पट्ट्यातल्या तबेल्यांवर बोलावतील तसा जातो. पुढच्या तीनेक आठवड्यांत जे झालं ते इथे लिहितोय. तबेला नेमका कुठला ते सांगणार नाही, ती माणसं अजून तिथेच धंदा करतात.

मित्राला लगेच उलट लिहिलं, "लंपी माणसाला होत नाही." उत्तर बरोबरच होतं. पण तेवढं लिहून फोन खाली ठेवला ही माझी पहिली चूक. दुसरी त्याआधीच करून बसलो होतो, ती पुढे येईलच.

तो महिना कसा होता

2022 चा ऑगस्ट-सप्टेंबर आठवा. राजस्थान-गुजरातेत लंपीने मेलेल्या गाईंचे खच पडल्याचे फोटो घरोघरी पोचलेले. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात रावेरकडे लागण झालेली जनावरं सापडली आणि महिन्याभरात अर्ध्या महाराष्ट्रात गाठीच गाठी. राज्य सरकारने सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, जनावरांचे बाजार बंद झाले, मुंबईत गुरांच्या वाहतुकीवर पोलिसांचा मनाई हुकूम निघाला. त्या वर्षी देशभरात दीड लाखाहून जास्त जनावरं दगावली. त्यात आणखी एक भर म्हणजे मंकीपॉक्स. जुलैमध्ये केरळात देशातला पहिला रुग्ण सापडला होता आणि कस्तुरबा रुग्णालयात वेगळा वॉर्ड सज्ज ठेवल्याच्या बातम्या येऊन गेल्या होत्या. म्हणजे अंगावर फोड असलेला माणूस दिसला की शेजारचा दोन पावलं मागे सरकत होता.

आणि वर पितृपक्ष लागलेला. घरोघरी खीर. तबेल्यासमोरच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांत वर्षानुवर्षं त्याच तबेल्याचं म्हशीचं दूध येतं, पहाटे साडेपाचला, किटलीतून मापाने. आठवड्याभरात पंचवीस-तीस घरांनी ते बंद केलं. त्याऐवजी काय आणलं, तर पिशवीतलं गाईचं दूध! लंपी हा मुख्यतः गाई-बैलांचा आजार, म्हशीला तो क्वचित आणि हलका होतो. म्हणजे लंपीच्या भीतीने लोक म्हशीकडून गाईकडे गेले. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही, पण भीती कशी चालते ते यातून कळतं. देवळाबाहेर चारा घालायला गाय घेऊन बसणारी बाई तर दोन आठवडे गिऱ्हाइकाविना बसून होती. काकस्पर्श चालेल, गोग्रास नको.

माझी दुसरी चूक

फोटो आला त्याच्या चार दिवस आधी मी याच तबेल्यात होतो. साठेक म्हशी आणि पाच गाई. गाईंना लस टोचायची होती. तेव्हा लंपीसाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरत होते, कारण दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले. गाई टोचून झाल्या, हात धुतले, चहा आला. शेठ सहज म्हणाले, "डॉक्टर, मागच्या रांगेतल्या तीन-चार म्हशी धारेला लाथा मारतायत. सडांना भेगा पडल्यात." मी लांबूनच मान वळवून पाहिलं. पावसाळा, चिखल, ओल, सडांना भेगा पडायच्याच. "ग्लिसरीन लावा," म्हणालो आणि निघालो. माझं सगळं लक्ष गाईंच्या कातडीवर. गाठ दिसते का, ताप आहे का, लाळ गळतेय का. म्हशीच्या कासेखाली वाकायचं मनातही आलं नाही.

फोटो आल्यावर संध्याकाळपर्यंत तो खळगा डोक्यातून जाईना. लंपीत असा मध्ये दबलेला फोड येत नाही, तिथे कातडीखाली टणक गाठ असते. हा फोड मी आधी कुठे तरी पाहिला होता. नोकरीच्या सुरुवातीला, कोल्हापूरकडे, म्हशीच्या सडावर.

रात्रीच्या धारेला तबेल्यात गेलो.

कासेखाली

बॅटरी घेऊन मागच्या रांगेत बसलो. पहिल्या म्हशीच्या चारही सडांवर फोड, काही फुटलेले, काहींवर काळसर खपली. दुसरीला सडांवर आणि कासेच्या खालच्या भागावर. तिसरीचा एक सड सुजून गरम, दूध पिवळसर, गुठळ्या येत होत्या, म्हणजे वरून कासदाह. तिच्या पारड्याच्या ओठांवर आणि नाकाशी तसेच फोड. सहा म्हशी निघाल्या. भेगा नव्हत्या. म्हशींना देवी आल्या होत्या.

आता तो अंगठ्याचा धनी. बावीस-तेवीस वर्षांचा, आझमगडकडचा, मुंबईत येऊन तीन वर्षं झालेली. हात गमछ्यात गुंडाळून उभा. दाखव म्हटलं तर आधी शेठकडे बघितलं. गेल्या वर्षी कुणाला तरी हातावर खरूज आली म्हणून गावी पाठवून दिलं होतं, हे मला नंतर कळलं. फोड नेमका अंगठ्याच्या पेराच्या पाठीवर. का, ते त्याला धार काढायला लावली तेव्हा दिसलं. तो मुठीने धार काढत नव्हता. अंगठा दुमडून पेर सडावर दाबून ओढत होता, तेही बोटं दुधात बुडवून ओली करून. या पद्धतीने सड सोलवटतो आणि अंगठाही. दोघांची कातडी फुटलेली, मध्ये ओलं दूध. विषाणूला आणखी काय हवं? तर्जनीवर दुसरा फोड उगवत होता. दोन दिवस ताप येऊन गेला होता आणि काखेत अवधाण आलेलं.

आणखी एक मुलगा निघाला, सव्वीसचा, हनुवटीवर फोड. हा धार काढत नाही, भुसा-पेंड बघतो आणि पारडी सोडतो-बांधतो. याला पारड्याच्या तोंडापासून आलं की खोलीतल्या सामाईक गमछ्यापासून, ते ठरवता आलं नाही. दोन्ही शक्य आहे. मी कागदावर दोन्ही लिहून ठेवलं.

आणि तिसरा, चाचा. साठी ओलांडलेला, त्याच मागच्या रांगेच्या निम्म्या म्हशी तोच पिळतो, तोही अंगठा दुमडूनच. हात उलटे-सुलटे करून पाहिले. घट्टे होते, फोड एकही नाही. मी म्हटलं, चाचा, बाही वर करा. डाव्या दंडावर ते होतंच: रुपयाएवढा, आत खचलेला, चुण्या पडलेला देवीच्या लसीचा वण.

एका माणसाच्या दंडावरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. पण त्या रात्री बॅटरीच्या उजेडात तो वण पाहिल्यावर माझ्यापुरतं निदान झालं होतं.

हा कोण आणि तो कोण

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळा घोळ "पॉक्स" या एका शब्दाने घातला.

लंपीचा विषाणू कॅप्रीपॉक्स गटातला. शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा सख्खा भाऊ. 1929 मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात, हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला. तेव्हापासून आजवर लाखो जनावरं, त्यांचे लाखो मालक, गुराखी, डॉक्टर, खाटीक यांचा त्याच्याशी संबंध आला. माणसाला तो होत नाही. आपल्या देशात तो 2019 मध्ये ओडिशात दिसला. पसरतो तो चावणाऱ्या माशा, डास, गोचीड यांच्यामार्फत, जनावराकडून जनावराकडे.

म्हशींच्या देवीचा विषाणू वेगळ्या खानदानातला, ऑर्थोपॉक्स. माणसाची देवी त्यातलीच, मंकीपॉक्स त्यातलाच आणि देवीच्या लसीत वापरायचे तो व्हॅक्सिनिया विषाणूही त्यातलाच. व्हॅक्सिनियाशी तर म्हशीच्या देवीचं इतकं जवळचं नातं आहे की तज्ज्ञांमध्ये एक मत असं आहे: हा मुळात म्हशीचा नसावाच. लस टोचलेल्या माणसांकडून तो म्हशींकडे गेला आणि तिथेच राहिला असावा. आपल्याकडे देवीची लस पारड्यांच्या कातडीवर वाढवत असत, हेही इथे लक्षात घ्या. म्हणजे जनावराकडून माणसाला काय येईल म्हणून आपण जीव मुठीत धरतो, आणि हे देणं कदाचित उलट्या दिशेने गेलेलं.

म्हशीकडून माणसांना होणाऱ्या या देवीची महाराष्ट्राला चांगली ओळख आहे. 1980 च्या दशकात धुळ्याकडे, 2009 मध्ये सोलापूर-कोल्हापूर जिल्ह्यांतल्या गावांत, म्हशी आणि धारा काढणारी माणसं एकदमच आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. बहुतेकांना हातावर, मनगटावर, कधी कपाळावर फोड येतात, कारण धार काढताना कपाळ म्हशीच्या कुशीला टेकतं. ताप, अवधाण, दोन-तीन आठवड्यांत खपली पडते, वण राहतो. जिवाला धोका सहसा नसतो. मात्र कातडी आधीच उघडी असेल तर गोष्ट वेगळी. कराचीत 2004-05 मध्ये रुग्णालयांच्या भाजलेल्यांच्या वॉर्डांत हाच विषाणू पसरला होता. भाजलेल्या जागेवर घरी म्हशीची चरबी लावण्याच्या पद्धतीवर तेव्हा संशय होता.

चाचांच्या दंडाचा अर्थ आता लागेल. एका ऑर्थोपॉक्सची लस दुसऱ्यापासून बऱ्यापैकी वाचवते. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 चा, जग देवीमुक्त झाल्याची घोषणा 1980 ची आणि त्याच सुमारास लस टोचणं थांबलं. ते योग्यच होतं. पण त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक दंडावरून हे कवच गेलं. तबेल्यात धार काढणारी पोरं आता सगळी त्यानंतरची.

मुंबईकरांना हे माहीत असायला हरकत नाही की हिंदुस्थानातली पहिली लस याच शहरात टोचली गेली. 14 जून 1802, ॲना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी. बगदाद-बसऱ्याकडून लशीचा माल मुंबईला पोचला होता. गाईच्या देवीचा विषाणू म्हणून ओळखली जाणारी गोष्ट एका मुलीच्या दंडात मुद्दाम घातली आणि तिथून पुढे दंडावरून दंडावर नेली. लॅटिनमध्ये गाईला वाक्का म्हणतात, व्हॅक्सिन हा शब्द त्यावरून आला. जनावराचा विषाणू माणसात जाणं हे दर वेळी संकटच असतं असं नाही, कधी कधी ती मेहनतीने केलेली गोष्ट असते.

काय केलं

दुसऱ्या दिवशी मित्र तबेल्यात आला. गेल्या वीस वर्षांत तो पहिल्यांदाच आत आला, दवाखाना समोर असून. मुलाने आमच्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका दवाखान्यात दाखवलं होतं. तिथे नागीण म्हणून गोळ्या आणि मलम मिळालं होतं. "काम काय करतोस?" हे तिथे विचारलंच नव्हतं. मित्रानेही विचारलं नव्हतं, हे त्याने स्वतःच कबूल केलं. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात "मजूर" एवढंच होतं.

म्हशींच्या सडांवरच्या खपल्या, मुलाच्या अंगठ्याची खपली आणि फोडातला द्रव, असे नमुने बर्फात ठेवून पालिकेच्या आरोग्य खात्यामार्फत पुण्याला गेले. मंकीपॉक्सचे दिवस असल्याने त्यांनी ते तत्परतेने घेतले, एरवी म्हशीच्या सडाची खपली कोण घेणार? अहवाल यायला आठ-नऊ दिवस लागले: मंकीपॉक्स नाही, लंपी नाही, म्हशीच्या देवीचा विषाणू, मुलात आणि म्हशीत दोन्हीकडे.

अहवालाची वाट न बघता कामाला लागलो होतो. सहा म्हशी शेवटच्या कोपऱ्यात बांधल्या. धार आधी निरोगी जनावरांची, मग संशयितांची, सगळ्यांत शेवटी या सहांची, आणि ती फक्त चाचा काढणार. सडांना पोटॅशियम परमँगनेटचं फिकट गुलाबी पाणी, त्यावर पोव्हिडोन आयोडिन-ग्लिसरीन. कासदाहवालीला प्रतिजैविक, तिचं दूध ओतून द्यायचं. पारडी कासेला लावायची नाहीत, बाटलीने पाजायची. पहिले चार दिवस ही बाटली कुणालाच जमेना, पारडी ओरडून तबेला डोक्यावर घेत होती. पान्हा सोडायला म्हशीला पारडं समोर लागतं, ते दिसेल पण पोचणार नाही इतक्या अंतरावर बांधायची युक्ती चाचांची.

हातमोजे सुचवले होते. जाड मोज्यांतून सड निसटतो, पातळ मोजे दुसऱ्याच म्हशीला फाटतात. तिसऱ्या दिवशी सोडून दिले. त्यापेक्षा दर म्हशीनंतर साबणाने हात धुण्याचा नियम लावला आणि साबण-पाण्याची बादली रांगेत मधोमध ठेवली. आधी ती नळाशी होती, पंचवीस पावलांवर. एकामागून एक म्हशी पिळणारा माणूस दर वेळी पंचवीस पावलं चालून हात धुवून येत नाही, त्याला ज्ञान कितीही द्या.

सगळ्यांत अवघड निघाला मुलगा. त्याला तीन आठवडे धारेपासून लांब ठेवायचं, फोड झाकायचा, डोळ्याला हात लावायचा नाही, गमछा वेगळा. हे सगळं त्याला पटलं. प्रश्न पगाराचा होता. त्याला म्हशींच्या संख्येवर पैसे मिळतात. धार नाही तर पैसे नाहीत. तो रात्री गुपचूप धार काढताना सापडला, दोनदा. म्हणजे विषाणू म्हशीकडून त्याच्याकडे आला होता आणि आता त्याच्या अंगठ्यावरून पुढच्या म्हशीकडे जायला निघाला होता. सातवी म्हैस त्याच आठवड्यात लागली. शेठशी मी जरा चढ्या आवाजात बोललो. शेवटी अर्धा पगार आणि पारड्यांना बाटली पाजण्याचं काम यावर तडजोड झाली.

सोसायटीतली सभा

सोसायटीने मला बोलावलं. क्लबहाउसमध्ये पन्नासेक माणसं. दुधाबद्दल विचारलं, सांगितलं: म्हशीचं दूध आपण उकळतो, साय धरेपर्यंत उकळतो, त्यात हा विषाणू राहत नाही. पाश्चरायझेशनला 72 अंशांवर 15 सेकंद पुरतात, आपल्या पातेल्यात तर 100 पर्यंत जातं. कच्चं दूध पिऊ नका, हे लंपी असो-नसो नेहमीच पाळा. मग दह्याबद्दल, तुपाबद्दल, पनीरबद्दल, गोमूत्राबद्दल, तबेल्यावरून येणाऱ्या डासांबद्दल. एका आजोबांनी विचारलं, आता श्राद्धाला नारळाच्या दुधाची खीर चालेल का. तो प्रश्न माझ्या खात्यातला नव्हता, पण चालेल म्हणालो.

पाऊण तास प्रश्न येत होते. हाताबद्दल एकही आला नाही. मी स्वतःहून सांगितलं की दोन मुलांना झालंय. तर एक गृहस्थ लगेच उठले, "म्हणजे दूध पोचवायला ती मुलं येतात का?" नाही, पोचवणारा वेगळा आहे, म्हटलं. ते बसले.

त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. मीही चार दिवस आधी गाईंच्या कातडीकडे बघत त्याच मुलाच्या हातून चहाचा कप घेतला होता.

2024 च्या मार्चमध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लू सापडला, टेक्सास-कॅन्ससकडे, तेव्हा मला हा तबेला आठवला. तिकडेही पहिली ओरड दुधाचीच. आणि एप्रिलच्या सुरुवातीला ज्या माणसाला लागण झाल्याचं जाहीर झालं तो टेक्सासमधला डेअरीवर काम करणारा, डोळे लाल झालेला. गोठ्यावरच्या मांजरी कच्चं दूध पिऊन मेल्या होत्या. विषाणू अगदी वेगळा, खंड वेगळा, पण पहिला माणूस कासेपाशी बसणाराच.

नंतर

पहिल्या सहापैकी पाच म्हशींचे सड ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरून आले. कासदाहवालीचा एक सड कायमचा गेला. त्या वेतातच तिचं दूध इतकं उतरलं की शेठनी तिला काढून टाकली. विषाणू आला कुठून, तर जुलैत गुजरातेतून आणलेल्या दोन म्हशींवर माझा संशय आहे. त्या उतरल्या तेव्हा त्यांचे सड कुणी पाहिले नव्हते आणि मी तपासलं तोवर त्यांच्या सडांवर नुसत्या पांढुरक्या खुणा उरल्या होत्या. हनुवटीवाल्याचा फोड सगळ्यांत आधी बरा झाला. अंगठ्यावाल्याची खपली तेविसाव्या दिवशी पडली, खाली गुलाबी खळगा. चाचा त्याचा अंगठा आपल्या दंडाशेजारी धरून म्हणाले, "याची पण देवी टोचून झाली."

सोसायटीतली बरीचशी घरं दिवाळीपर्यंत परत तबेल्याच्या दुधावर आली. काही आलीच नाहीत.

पुढच्या वर्षी जूनमध्ये शेठचा फोन आला. नव्या म्हशी उतरल्या आहेत, एक धारेला लाथा मारतेय, येता का? मी म्हटलं, येतो, पण आधी मुलांच्या हातांचे फोटो पाठवा. अर्ध्या तासात चार जोड्या हात आले, ओल्या फरशीवर पसरून काढलेले. स्वच्छ होते. संध्याकाळी जाऊन कासेखाली वाकलो, तर सडाच्या मुळाशी एक गलेलठ्ठ गोचीड बसली होती.